धार कशासाठी?

मराठी समीक्षेला ‘धारदार’ हे विशेषण फार प्रिय आहे. उपरोध धारदार, निवेदन धारदार, संवादही धारदार. उत्तरपत्रिकांतून हा शब्द इतक्यांदा वाचला, की तो एकदा तपासून पाहावासा वाटला. धार सगळ्या पात्यांना सारखीच असते का?

नसते. वस्तऱ्याच्या धारेचा कोन सुमारे १५ ते २० अंशांचा, स्वयंपाकाच्या सुरीचा साधारण ३० ते ४०, लाकूड फोडणाऱ्या कुऱ्हाडीचा बहुधा त्याहून मोठा. कोन जितका लहान तितके पाते सहज शिरते आणि तितकेच नाजूकही होते. पोलादाहून कितीतरी मऊ असलेला दाढीचा केसही पात्याच्या कडेचा टवका उडवू शकतो, हे अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. तलवारीला हा नाजूकपणा परवडत नाही. तिची गाठ ढालीशी, हाडाशी, दुसऱ्या तलवारीशी पडायची असते. म्हणून तिच्या धारेमागे धातूचे पाठबळ ठेवावे लागते. तलवारीला तीक्ष्णतेचे परिमाण मानणे ही कवींची सोय आहे. न्हाव्याच्या पेटीत तिच्याहून तीक्ष्ण पाते असते.

चंद्रपूर-गडचिरोलीविषयीचे लेखन वाचताना हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. माडिया पुरुषाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते. बाहेरून आलेला लेखक ती पाहतो आणि त्याच्या वाक्यात ती शस्त्र होऊन बसते. वास्तविक ती पाचर आहे. लाकडात शिरून ते दुभंगणारी. बांबूचे काम आणखी निराळे. तिथे पात्याने केवळ वाट दाखवायची. एकदा चीर पडली, की बांबू आपल्याच तंतूंच्या रेषेत फाटत जातो. मात्र त्याच्या सालीत सिलिका असते, तिने धार लवकर मरते. बुरुडाला पाते पुन्हा पुन्हा दगडावर घासावे लागते ते त्यामुळे.

मराठीत ‘हत्यार’ म्हणजे अवजारही आणि शस्त्रही. कायद्याने या संदिग्धतेत आणखी एक अर्थ मिसळला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत बांबू हा वृक्षांत मोडत होता, आणि कलम ५२ नुसार वनगुन्ह्यात वापरलेले हत्यार जप्त करता येते. म्हणजे बांबू तोडणारा कोयता हा गुन्ह्याचा पुरावा ठरू शकत होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. या साऱ्या काळात कोयत्याच्या धारेचा कोन बदलला नाही. बदलले ते त्याला दिलेले नाव.

नाव देण्याचे काम कायद्याइतकेच साहित्यही करते. म्हणून एखाद्या लेखनाला ‘धारदार’ म्हणण्याआधी ती धार कशावर चालणार आहे, हे विचारायला हवे. वस्तऱ्याने लाकूड फुटत नाही. आणि ज्या वाक्याला कोयता आणि तलवार यांतला फरक कळत नाही, ते कितीही लखलखले तरी या जंगलाविषयी काही सांगू शकत नाही.