फुकटची चोपडी

बेलापुरात आमच्या घराण्याची किराणा-भुसारची पेढी आहे. मी बँकेच्या नोकरीत रमलो; पेढी थोरल्या बंधूंनी आणि त्यांच्यानंतर पुतण्याने सांभाळली. २०१८ मध्ये त्याने खतावणी संगणकावर नेली. आता गिऱ्हाइकाची उधारी मोबाइलवरही दिसते.

गेल्या दिवाळीत वहीपूजनानंतर मी विचारले, "या व्यवस्थेचा वार्षिक खर्च किती?"

"काहीच नाही, काका. प्रोग्राम लिहून घेतला, त्याचे पैसे एकदाच दिले. तो ज्यावर चालतो, तो टॉमकॅट तर फुकटच आहे."

टॉमकॅट हा मुक्तस्रोत वेब सर्व्हर. मोबाइलवरून आलेली मागणी तो जावा भाषेतील प्रोग्रामकडे पोहोचवतो आणि उत्तर परत आणतो. मूळ काम सन कंपनीतील जेम्स डंकन डेव्हिडसन यांचे. १९९९ मध्ये ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आले. ते कोणीही वाचावे, बदलावे, वापरावे. सवयीने मी परवान्याची कलमे वाचली. हमी कसलीच नव्हती. जामीनदाराविना कर्जाचा कागद पुढे न सरकवणारा मी अस्वस्थ झालो.

चौकशी केली तेव्हा कळले, की ८.५ ही आवृत्ती बसवल्यापासून तिला कोणी हात लावलेला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये टॉमकॅटमधील 'घोस्टकॅट' हा दोष उघड झाला होता. एक विशिष्ट दार उघडे राहिले, तर बाहेरच्याला आतील फायली वाचता येत. सर्वांना वाचता येणाऱ्या त्या लेखनात तो दहा वर्षांहून अधिक काळ दडून होता. दुरुस्ती निघाली, तीही फुकट. पण आमच्याकडे ती बसवणारा कोणी नव्हता. पुढे ३१ मार्च २०२४ रोजी ८.५ची देखभालच थांबली. बँकेतला माणूस ही तारीख विसरत नाही. तरी सात वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

त्या रात्री झोप लागली नाही. कोणाची उधारी किती थकली, हे वडिलांनी घरातही कधी उच्चारले नव्हते.

सुदैवाने काही गेल्याचे आढळले नाही. अभियंत्याला बोलावून नवी आवृत्ती बसवली, नको ती दारे बंद केली आणि देखभालीचे वार्षिक मानधन ठरवले.

आकडा ऐकून पुतण्या म्हणाला, "मग फुकट कसले, काका?"

मी म्हणालो, "अरे, चोपडी कधीच महाग नव्हती. पगार मुनीमजींना द्यावा लागे."

आपल्या पेढीतही अशी व्यवस्था असेल, तर आवृत्ती कोणती आणि ती शेवटची कधी बदलली, एवढे आजच विचारून घ्यावे.