शंभर भागांचा स्वभाव

ब्रिटिश मालिका डोक्याने लिहिलेल्या असतात आणि अमेरिकन मालिका काळजाने. इंग्रजांना माणसाचं अपयश बघवतं, अमेरिकनांना शेवट गोडच लागतो. दोन्हीकडच्या मालिका आवडीने बघणाऱ्यांच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी या निकालापाशी येतात, आणि मला तो दरवेळी खटकतो. वरवर पाहता तो खरा वाटतो, म्हणून जास्तच खटकतो. ‘फॉल्टी टॉवर्स’मधला हॉटेलमालक बेझिल फॉल्टी १९७५च्या पहिल्या भागात जितका तुसडा आहे, तितकाच १९७९च्या बाराव्या आणि अखेरच्या भागात आहे. त्याला कुणी सुधारत नाही, कुणी समजून घेत नाही. ‘फ्रेंड्स’च्या २३६ भागांत मात्र प्रत्येकाच्या पदरात काही ना काही चांगलं पडतं. एवढ्यावरून लोक दोन राष्ट्रांचे स्वभाव सांगून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की हा स्वभाव देशाचा कमी आणि भागांच्या संख्येचा जास्त आहे. एखाद्या पात्रासोबत प्रेक्षकाने बारा संध्याकाळी काढायच्या आहेत की दोनशे, यावर त्या पात्राला किती वाईट असण्याची मुभा मिळणार हे ठरतं. आणि संख्या कोण ठरवतं, तर जो पैसे देतो तो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ‘द ऑफिस’, कारण तिथे एकच मालिका दोन्ही देशांत घडली. मूळ मालिका रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांची, बीबीसी टूवर २००१ साली आलेली. सहा-सहा भागांचे दोन सीझन आणि २००३च्या नाताळातले दोन विशेष भाग, एकूण चौदा. अमेरिकन रूपांतर ग्रेग डॅनियल्स यांचं, एनबीसीवर २००५ ते २०१३. नऊ सीझन, २०१ भाग. स्लाउमधली कागद विकणारी कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला गेली, डेव्हिड ब्रेंटचा मायकेल स्कॉट झाला, टिम आणि डॉन या सहकाऱ्यांचे जिम आणि पॅम झाले. चाहत्यांना हे सगळं पाठ असतं.

ब्रिटिश मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा शेवट मला आजही सोसत नाही. ब्रेंट स्वतःला विनोदी, उदार, सगळ्यांचा लाडका साहेब समजतो. हाताखालच्या माणसांना उठून जाता येत नाही, याच्या जोरावर त्याचे विनोद चालतात. भागामागून भाग आपण त्याच्यावर चिडतो, त्याच्या वतीने ओशाळतो, याला कुणीतरी एकदा जागा दाखवायला हवी असं मनात म्हणतो. मग रेड नोज डेच्या दिवशी, मदतनिधीसाठी पक्ष्याचा भला थोरला पोशाख चढवून तो कार्यालयात फिरत असताना, त्याला नोकरीवरून कमी करत असल्याचं सांगितलं जातं. त्या पोशाखातच त्याला ते ऐकून घ्यावं लागतं. पुढच्या भागात तो दोन वरिष्ठांसमोर उभा राहून विनवण्या करतो, मला काढू नका म्हणतो. मालिका माहितीपटाच्या रूपात घडते, आणि तोवर त्याचा जवळजवळ प्रत्येक शब्द कॅमेऱ्यासाठी उच्चारलेला असतो. इथे पहिल्यांदाच त्याचा सगळा आव गळून पडतो. समोरची माणसं दुष्ट नाहीत. त्यांचा निर्णय चुकीचाही नाही. त्यांच्या जागी कुणीही शहाणा माणूस असता तर त्याने हेच केलं असतं. प्रेक्षकाला जे हवं होतं तेच मालिका त्याला देते, आणि ते मिळाल्यावर बघवत नाही. पार्श्वसंगीत नाही, ध्वनिमुद्रित हशा नाही, कुणी पाठीवर हात ठेवत नाही. त्याच भागात टिम शर्टाला लावलेला माइक काढून डॉनला आपल्या मनातलं सांगायला जातो. आपल्याला काहीही ऐकू येत नाही. तो परत येतो तेव्हा एवढंच कळतं, की ती नाही म्हणाली. एकाच अर्ध्या तासात एका माणसाची नोकरी जाते, दुसऱ्याचं प्रेम जातं आणि मालिका तिथे थांबते. नाताळच्या भागांत थोडी दया दाखवली आहे, डॉन परत येते, ब्रेंटलाही एक बरी संध्याकाळ मिळते. पण ती दया शेवटी आली. रोजचा रतीब म्हणून ती कधीच वाटली गेली नाही.

आता मायकेल स्कॉट. अमेरिकन मालिकेचा पहिला सीझनही सहाच भागांचा होता आणि पहिल्या भागाची संहिता बरीचशी ब्रिटिश मालिकेवरूनच उतरवलेली होती. त्या सहा भागांतला मायकेल ब्रेंटइतकाच असह्य आहे. प्रेक्षक फारसे रमले नाहीत. दुसऱ्या सीझनला बावीस भाग भरायचे होते, आणि तिथून हा माणूस बदलायला लागतो. एका भागात तो बड्या ग्राहकाला जेवायला नेतो, सगळा वेळ फालतू गप्पा मारतो आणि शेवटी अचूक क्षणी सौदा पक्का करतो. तो उत्तम विक्रेता आहे हे आपल्याला दाखवलं जातं. तिसऱ्या सीझनमध्ये पॅमच्या चित्रांच्या प्रदर्शनाला सहकारी नीट दाद देत नाहीत, तेव्हा मायकेल उशिरा येतो, कार्यालयाच्या इमारतीचं तिने काढलेलं साधंसं चित्र मनापासून बघतो आणि विकत घेतो. हे दृश्य सुंदर आहे, त्यात खोटं काही नाही. पण त्याचं काम काय आहे ते बघायला हवं. या माणसाला दर आठवड्याला घरात का घ्यायचं, याचं ते कारण पुरवतं. ब्रेंटला अशा कारणाची गरज नव्हती, कारण तो फार काळ राहणारच नव्हता.

अमेरिकेत बावीस भाग आणि नऊ सीझन का लागतात, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. जुन्या अमेरिकन व्यवस्थेत मालिका बनवणाऱ्या स्टुडिओला वाहिनीकडून मिळणारी रक्कम बहुतेक वेळा निर्मितीखर्चापेक्षा कमी असायची. तो तोटा भरून निघायचा पुनःप्रक्षेपणाचे हक्क देशभरातल्या स्थानिक वाहिन्यांना विकून. या वाहिन्या आठवड्याचे पाच दिवस रोज एक भाग दाखवणार. शंभर भाग हाताशी असतील तर वीस आठवडे एकही भाग पुन्हा दाखवावा लागत नाही. म्हणून शंभर हा आकडा तिथे पवित्र झाला. शंभर भाग एकदोघांच्या हातून लिहून होत नाहीत, म्हणून दहा-बारा लेखकांची ‘रायटर्स रूम’ आली. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासात बावीस मिनिटंच उरतात, म्हणून प्रसंगांची गती वाढली. बीबीसीला जाहिराती नाहीत. घरोघरचं परवाना-शुल्क, २०२५-२६ साली वर्षाला १७४.५० पौंड, हे तिचं मुख्य उत्पन्न. तिथला अर्धा तास जवळजवळ पूर्ण मिळतो. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी ‘फॉल्टी टॉवर्स’च्या एकेका संहितेवर आठवडेच्या आठवडे घालवले, पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमध्ये तीन वर्षांहून जास्त अंतर पडू दिलं आणि बारा भागांवर थांबले. असं थांबणं अमेरिकन वाहिनीवर त्या काळी कुणाला परवडलंच नसतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की अमेरिकन प्रेक्षकाला मुळात तुसडा नायक पचतच नाही. ‘फॉल्टी टॉवर्स’ची तिथली रूपांतरं आपटली ती याचमुळे. १९८३च्या ‘अमांडाज’मध्ये तर बेझिल हे पात्रच काढून टाकलं होतं, हे खरं आहे. पण त्याच्या बारा वर्षं आधी ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या ब्रिटिश मालिकेवरून नॉर्मन लिअर यांनी ‘ऑल इन द फॅमिली’ केली, आणि आर्ची बंकर हा तोंडाळ, वंशद्वेषी नायक अमेरिकेने डोक्यावर घेतला. प्रेक्षकाला तो पचला. मात्र दोनशेहून जास्त भागांत तो हळूहळू मऊ होत गेला, पुढच्या जोडमालिकेत तर बायकोच्या मृत्यूने कोसळलेला विधुर म्हणून आपल्यासमोर आला. पात्र बदललं ते सहवासाच्या लांबीने.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ब्रिटनमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ १९६०पासून चालू आहे, बीबीसीची स्वतःची ‘ईस्टएंडर्स’ १९८५पासून. तिथे कुठे बारा भागांचा संयम आहे? नाही आहे. पण या मालिकांचा नायक एक रस्ता, एक चौक असतो. माणसं मरतात, तुरुंगात जातात, घर सोडून जातात, चौक राहतो. त्यामुळे कुठल्याही एका माणसाला प्रिय ठेवण्याची सक्ती नसते. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर भाग ज्या घरांत बघितले गेले, त्यांना ही लांबी काय करते ते समजावून सांगायला नको, तिथे तर एका घरालाच चौकाचं काम करावं लागलं. तिसरा आक्षेप ‘द सोप्रानोज’ आणि ‘द वायर’चा. वाईट माणसं, अमेरिकन पैसा, आणि तरीही तडजोड नाही. पण त्या दाखवणारी एचबीओ जाहिराती विकत नव्हती, वर्गणी विकत होती. ‘द वायर’ पाच सीझन आणि साठ भागांत संपली. पैसे देण्याची रीत बदलली तसा त्याच अमेरिकेचा ‘स्वभाव’ही बदलला.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी आखूड मालिकांची वकिली करतो आहे. बऱ्याच अंशी करतोच. पण लांबीचंही एक दान आहे आणि ते ब्रिटिश मालिकांना क्वचितच देता आलं. ‘मॅश’ ही कोरियन युद्धातल्या फिरत्या इस्पितळाची मालिका अकरा सीझन चालली. प्रत्यक्ष युद्ध तीन वर्षांत आटोपलं होतं. माझ्या मांडणीप्रमाणे ही ताणाताणीची हद्द. तरीही १९७५मध्ये, तिसऱ्या सीझनच्या शेवटी, कर्नल हेन्री ब्लेक घरी जायला निघतो आणि त्याचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेल्याची बातमी शस्त्रक्रियागृहात वाचून दाखवली जाते, तेव्हा जे वाटतं ते सहा भागांत उभं करता येणार नाही. त्या माणसासोबत तीन वर्षं घालवलेली असावी लागतात. १९८३चा शेवटचा भाग दहा कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला, त्यामागेही हाच सहवास होता. ‘ब्लॅकॅडर’ या ब्रिटिश मालिकेचा १९८९चा शेवट, खंदकातून बाहेर पडून मरणाकडे धावणारी माणसं, मी कलेच्या दृष्टीने वरचा मानतो. पण हेन्री ब्लेकसाठी जास्त हळहळतो, आणि या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही. मायकेल स्कॉट २०११मध्ये निघून जातो तेव्हाही तसंच. ज्या मऊपणाला मी हिशेबाचं फळ म्हटलं, त्यानेच तो निरोप जड केला. त्यानंतरचे दोन सीझन मात्र कुणी कितीही बाजू घेतली तरी मला निव्वळ भरताड वाटतात.

आज ही तुलना ज्या पायावर उभी होती तोच सरकतो आहे. २०२५मधली ‘अ‍ॅडोलेसन्स’ चार भागांची, प्रत्येक भाग एका सलग चित्रणात घेतलेला, विषय आणि माणसं अस्सल ब्रिटिश, पैसा नेटफ्लिक्सचा. अमेरिकन पैशाने ब्रिटिश संयम पाळला तो वर्गणीच्या धंद्यात शंभर भागांची गरज उरलेली नाही म्हणून. यात आनंद मानावा, तर दुसरी बाजू दिसते. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने २०२४च्या जानेवारीत ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ दाखवली. सदोष संगणक-प्रणालीच्या आधारे नऊशेहून अधिक पोस्टचालकांवर गुन्हे शाबित झाल्याची ती कहाणी चार भागांत सांगितली गेली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने त्यांच्या शिक्षा रद्द करणारा कायदा केला. परदेशी बाजारासाठी ती मालिका बनलेली नव्हती आणि वाहिनीला तिच्यात तोटा सोसावा लागला. ‘वुल्फ हॉल’ या बीबीसीच्या मालिकेच्या दुसऱ्या भागमालेसाठी दिग्दर्शक पीटर कोझमिन्स्की, लेखक, निर्माता आणि प्रमुख अभिनेता मार्क रायलन्स यांनी आपल्या मानधनाचा मोठा हिस्सा सोडला, तेव्हा ती उभी राहिली, हे कोझमिन्स्कींनी संसदीय समितीपुढे मांडलं आहे. जगभर विकता येणारं ब्रिटिश नाटक अमेरिकन कंपन्या बनवतीलच. स्लाउच्या कार्यालयात विनवण्या करणारा ब्रेंट, ज्याच्याकडून कुणालाही नफ्याची खात्री नव्हती, तो घराघरांतून गोळा झालेल्या शुल्कावर जन्मला. माझ्या मते ते शुल्क किंवा त्यासारखी सार्वजनिक पैशाची दुसरी सोय टिकायलाच हवी, आणि ब्रिटिश मालिकांवर प्रेम असल्याचं सांगणाऱ्यांनी, जगात कुठेही असोत, विनोदबुद्धीचं कौतुक करून झालं की हेही बोलावं. या शुल्काचं भवितव्य जिच्याशी बांधलेलं आहे, त्या बीबीसीच्या सध्याच्या शाही सनदेची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते.