सुरी आणि कट्यार

शस्त्र कोणते आणि अवजार कोणते, असे कुणी विचारले तर पूर्वी आम्ही कायद्याचे पुस्तक उघडीत असू. आता आम्ही आधी त्या वस्तूचे नाव विचारतो, आणि तेही ती वापरणाऱ्याच्या तोंडून. ही सवय आम्हांला एका पारधी वृद्धाने लावली. ती लागण्यापूर्वी आमच्या हातून जी चूक घडली, तिची किंमत मात्र त्याने मोजली.

सीमाभागातील एका गावच्या यात्रेच्या आदल्या रात्री तो पकडला गेला. पिशवीत रुंद पात्याची एक सुरी होती. पंचनामा कानडीत झाला आणि त्यात त्या सुरीची 'कठारी', म्हणजे आपली कट्यार, झाली. कानडीतही सुरीला 'चूरी' हा साधा शब्द आहे. तेव्हा दोष भाषेचा नव्हता, लिहिणाऱ्याच्या घाईचा होता. त्याहून मोठा दोष आमचा. जामिनाचा अर्ज लिहिताना आम्ही तोच शब्द जसाच्या तसा उचलला. अर्ज नामंजूर झाला.

त्यानंतर तुरुंगात भेट झाली तेव्हा आम्ही प्रथमच विचारले, "बाबा, ही कट्यार तुमच्याकडे कशासाठी?"

"कट्यार न्हवं वकीलसाहेब, सोलायची सुरी हाय," तो म्हणाला. "कट्यारीला टोक असतंय. हिला टोकच न्हाई, तर मी भोसकू कशानं?"

त्याचे वाडवडील फासे लावून हरणे आणि ससे धरीत. कर्नाटकात या समाजाला 'हरणशिकारी' हेही एक नाव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, आणि ती थांबायलाच हवी होती. पण शिकारीसाठी घडलेली सुरी आणि ती धरण्याची रीत हातात उरली. तो आता यात्रा-जत्रांत बकरी सोलून देत असे.

पुढच्या दोन भेटींत त्याने आम्हांला जे सांगितले, ते कोणत्याही पुस्तकात आम्ही वाचले नव्हते. सोलणाऱ्याला मांसापेक्षा कातड्याची चिंता अधिक, कारण भोक पडलेल्या कातड्याचा भाव उतरतो. म्हणून पहिली चीर घेण्यापुरती एक लहान, अणकुचीदार सुरी, आणि पुढच्या साऱ्या कामाला पोट सुटल्यासारख्या गोलाईची, बोथट टोकाची, रुंद सुरी. चीर घ्यायची ती कातड्याच्या आतल्या बाजूने बाहेर. वरून कापले तर केसांवर धार मरते आणि केस मांसाला चिकटतात. एकदा कड सुटली की सुरीचे काम थोडे आणि मुठीचे फार. कातडे मुठीने रेटून सोडवायचे, सुरी फक्त अडेल तिथे लावायची. पोलाद फार कडक असेल तर धार तुटते, मऊ असेल तर वळते. त्याची सुरी लोहाराने मालमोटारीच्या जुन्या पाट्यातून घडविली होती. रक्ताने आणि चरबीने हात निसटू नये म्हणून लाकडी मुठीवर सुतळी गुंडाळलेली होती.

धार लावण्याला तो 'पाजवणे' म्हणे. आधी खरबरीत दगड, मग गुळगुळीत, दोन्हींवर पाणी. पात्याची पाठ दगडापासून किंचित उचललेली, आणि तो कोन पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत तोच. गोलाई आली की मूठ हळूहळू वर घ्यायची, नाही तर पोटाला धार लागत नाही. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या कडेला पोलादाचा बारीक ओठ वळतो. तो बोटाला लागला की बाजू बदलायची. शेवटी तो ओठ चामड्याच्या पट्ट्यावर उलटा घासून काढायचा. अंगठा फिरवून धार पाहू नये. नखावर हलकेच टेकवावी, न घसरता रुतली तर लागली. बोथट सुरीच अधिक कापते, असे तो म्हणे, कारण तिला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की हात सुटतो.

दगडाला तो कधी 'साण' म्हणे, कधी 'साणे'. पहिला शब्द मराठी, दुसरा कानडी. दोन्हींच्या मुळाशी संस्कृत 'शाण'. कामकऱ्याच्या तोंडी या दोन भाषा शेजारणीसारख्या नांदतात. त्यांचे भांडण लागते ते कागदावर.

खटल्यात हेच शब्द आमच्या उपयोगी पडले. शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात. मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडविलेल्या सुऱ्या त्यांतून वगळलेल्या आहेत. आमची सुरी लांबीला कमी, पण रुंदीला २ इंचांहून थोडी अधिक होती. तेव्हा सारा प्रश्न ती कशासाठी घडली, एवढाच उरला. उलटतपासात आम्ही पंचाच्या हाती ती सुरी देऊन विचारले, "हिचे टोक दाखवा." त्याने ती दोनदा उलटसुलट केली आणि तो गप्प राहिला.

वृद्ध सुटला. काही महिन्यांनी मुद्देमाल परत मिळाला. सुतळी कुजली होती, पात्यावर गंजाची पुटे चढली होती. त्याने ती नखावर टेकवून पाहिली, ती घसरली. "असू दे, दगड हाय घरी," एवढेच तो म्हणाला. ज्या दिवसांची भरपाई कोणत्याही दगडावर होणार नव्हती, त्यांविषयी तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. बोलण्याजोगे तोंड आमचे उरले नव्हते.

भाषेच्या हक्कासाठी आम्ही निवेदने लिहितो, फलकांसाठी भांडतो. ते सोडू नये. पण मराठी अर्ज लिहिणाऱ्या मराठी वकिलालाच जर सुरी आणि कट्यार यांतला भेद ठाऊक नसेल, तर फलकावरची मराठी त्या वृद्धाच्या काय कामाची? आपल्या गावच्या लोहाराकडे, खाटकाकडे, चांभाराकडे एकदा जाऊन बसावे आणि त्यांच्या अवजारांची नावे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावीत. ती कधी, कुणाला, कोणत्या न्यायालयात लागतील, हे सांगता येत नाही.