अब्बांची मॅटाडोर

विरार फाट्यावर महामार्ग सोडून गावाकडे वळलं की गॅरेजांची रांग लागते. गेल्या पावसाळ्यानंतरचे आमचे बहुतेक रविवार त्यातल्याच एका शेडमध्ये गेले. तिथे अब्बांची १९८९ ची मॅटाडोर उभी होती.

ही गाडी आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यातली. १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने ही कंपनी सुरू झाली. आज ती फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रात मॅटाडोरने शाळेची मुलं नेली, वऱ्हाडं नेली, भाजीही नेली. अब्बांनी मागचे बाक काढून लाकडी पलंग आणि स्टोव्हसाठी ओटा बसवला होता. मे महिन्यात आम्ही तीत झोपत, रांधत बाणकोटला जायचो. नंतर ती आगाशीतल्या घरामागे ताडपत्रीखाली पडून राहिली. अब्बा आता ७८ वर्षांचे आहेत. “रमजान ईदला मला गावी याच गाडीने न्या,” एवढंच त्यांनी मागितलं.

बॅटरी बदलली, टाकीतला गाळ काढला, फिल्टर घातला, पाइपातली हवा काढली आणि इंजिन सुरू झालं. आम्ही पेढे वाटले. उस्ताद मात्र हसले नाहीत. “चालू झाली म्हणजे रस्त्यावर न्यायच्या लायकीची झाली असं नाही. आधी थांबते का बघू.”

चाकं उघडली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. व्हील सिलिंडर आतून गंजले होते, रबर फुगले होते. टायरांची नक्षी शाबूत होती, पण बाजूला २३१४ हा आकडा होता, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. न चालताही रबर कडक होतं, चिरतं. हातोडीने तळ ठोकला तर काही ठिकाणी खणखणीत आवाज आला, काही ठिकाणी भदभद. खाऱ्या वाऱ्याने पत्रा पोखरला होता. वेल्डिंगआधी डिझेलची टाकी उतरवली, बॅटरी सोडली. इंजिनाचे भाग मिळाले, कारण त्याच घराण्याचं मर्सिडीज बनावटीचं इंजिन पुढे ट्रॅक्समध्येही आलं. काचांच्या रबरासाठी मात्र कुर्ल्याचा भंगारबाजार पालथा घातला.

पुढचा प्रश्न कागदांचा. मुलांना वाटलं, गाडी ‘विंटेज’ म्हणून सुटेल. पण २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी, आणि तीही रोजच्या वापरासाठी नाही. आपल्यासारख्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आमचं २०१९ पासून राहिलेलं. त्यात तो पलंग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार मनाला येईल तसे करता येत नाहीत.

एक दलाल म्हणाला, “गाडी आणूही नका, कागद घरी येईल.” ईद दहा दिवसांवर होती. खरं सांगतो, आमचं मन डळमळलं. वर्गात कॉपी पकडणारे आम्ही, आणि परीक्षेला न बसता पास व्हायला निघालो होतो.

गाडी शेडमध्येच राहिली, ईद विरारलाच झाली. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही ते गंजलेले सिलिंडर त्यांच्या हातात ठेवले. बराच वेळ ते बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, “पलंग काढा. बाक बसवा. रात्री गाडी उभी करून त्यावर गादी टाकू.”

हरित कर, विमा, पीयूसी, तपासणी. सगळं रीतसर होईपर्यंत मे उजाडला. पहिली फेरी फाट्यावरून बोळिंज, आगाशीमार्गे अर्नाळ्याला काढली. आगाशी एके काळी जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. समुद्रात लोटण्याआधी इथेही गलबताची फळी न् फळी ठोकून बघत असतील.

अर्नाळ्याच्या मोकळ्या रस्त्यावर अब्बा एकदम म्हणाले, “मार ब्रेक!”

गाडी सरळ, जागच्या जागी थांबली. समोर पाण्यात किल्ला दिसत होता. अब्बांनी खिडकीची काच खाली केली आणि अम्मीला म्हणाले, “बाणकोटचं सामान बांधायला घे.”