ठिणगी किती आधी?

पेट्रोलचा भडका एका क्षणात होत नाही. ठिणगी पडल्यावर ज्वाळ सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. किती आधी, या प्रश्नाने मला लहानपणापासून धरून ठेवलं आहे.

आमचं घराणं भोसल्यांच्या राजवटीपासून तंजावरचं. घरात मराठी, बाहेर तमिळ. अप्पांची गाडी कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, आणि तिचं टायमिंग लावताना मेस्त्रींच्या शेजारी उभं राहणं हा माझा हक्क होता. ते फीलर गेजने ठिणगी पाडणाऱ्या पॉईंटची फट बघत, पहिला सिलिंडर वर आणत, पुलीवरची खूण जुळवत. पुस्तकात एवढंच असतं. पुढे ते नट सैल करून चालू इंजिनचा, सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हाताने जरासा फिरवत. आतल्या रोटरच्या उलट दिशेला फिरवला की ठिणगी लवकर, त्याच दिशेला फिरवला की उशिरा. मग गाडी वल्लमच्या बाजूला, जिथं आमच्या सपाट मुलखातली जमीन जरा उंचावते. टॉप गिअर, वेग कमी, आणि एकदम ॲक्सिलरेटर. बारीक खडखड उमटून लगेच विरली तर टायमिंग बरोबर. खडखड टिकून राहिली तर फार पुढे गेलंय. आलीच नाही तर मागे राहिलंय; अशी गाडी चढाला दमते, तापते, पेट्रोल पिते.

आमच्या गावात वीणा बनतात. दांडीवरच्या मेणात चोवीस पितळी पडदे बसवताना कारागीर असाच स्वर ऐकत ऐकत पडदा सरकवतो. मेस्त्रींचं काम मला त्याच जातीचं वाटे, आणि आजही वाटतं.

इंजिनिअरिंगला टायमिंग लाइट हातात आला. त्या प्रकाशात फिरती पुली थबकल्यासारखी दिसते आणि अंश वाचता येतात. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर दहा अंश म्हणजे जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद! वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी, म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या पोटात फिरती वजनं असतात, आणि हलक्या भारासाठी व्हॅक्यूमचा पडदा. हे कळलं तेव्हा मेस्त्रींबद्दलचा आदर वाढलाच. पुलीवरची खूण कारखान्यातल्या नव्या इंजिनसाठी असते. मेस्त्रींच्या पुढ्यात झिजलेलं इंजिन आणि त्या दिवशी पंपावर मिळालेलं पेट्रोल असे.

पेट्रोलही बदलत गेलं. खडखड दाबण्यासाठी त्यात शिसं मिसळत. 2000 च्या फेब्रुवारीपासून ते देशभर बंद झालं, आणि मुलांच्या रक्तासाठी ते व्हायलाच हवं होतं. पॉईंट तर त्याआधीच मागे पडू लागले होते. माझ्या नव्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नाही. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर आहे. खडखड जाणवली की कॉम्प्युटर ठिणगी मागे घेतो आणि मग हळूहळू पुन्हा पुढे सरकवतो. कानाचं काम संपलं असं मित्र म्हणतात, ते मला पटत नाही. वल्लमच्या चढावर व्हायचं तेच ऐकणं आता दर ठिणगीला होतं.

पद्मिनी अजून चालते. सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते खडखडीला सहज दाद देत नाही, पण जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. म्हणून आधी नळ्या बदलून घेतल्या. गॅरेजमधल्या मुलाने विचारलं, किती अंशांवर ठेवू? म्हटलं, खुणेवर ठेव, नट सैल राहू दे आणि शेजारी बस. खिडक्या उघड्या ठेव.