हेलेना मेइरेलिस यांच्या प्रांतांत

चिरंजीव नोकरीनिमित्त ब्राझील देशांत असल्यामुळें गतवर्षीं त्या दूरच्या भूमीचें दर्शन आम्हांस घडलें. साओ पावलो शहराहून रात्रीच्या मोटारीनें निघालों, तों सकाळीं पाराना नदीचा लांबलचक पूल लागला. धरणाच्या फुगवट्यामुळें तेथें नदीचा जणूं सागरच झाला आहे! पलीकडे बाताग्वासू हें गांव. तांबडी माती, क्षितिजास भिडलेलीं कुरणें आणि पांढरीं, वशिंडाचीं गुरें. तीं पाहून आम्ही चकित झालों. परंतु हा गोवंश मूळचा आपल्या नेल्लोर-ओंगोलकडचाच, असें चिरंजीवांनीं सांगितलें.

हेलेनाबाई याच प्रांताच्या कन्या. जन्म १९२४ चा. त्यांचें वाद्य 'व्हिओला काइपिरा'. ज्या पोर्तुगीजांनीं गोमांतकांत पाय रोवले, त्यांनींच हें तेथें नेलें. आकार गिटारीसारखा, तारा दहा, पण पांच जोड्यांत लावलेल्या. तारा जुळविण्याच्या एका रीतीचें नांव 'मोठा कांदा' असें आहे. कांदा चिरतांना येतें तसें श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी येतें, म्हणून हें नांव पडलें असें लोक सांगतात.

गुराखी आणि पाराग्वायी वादक यांचें वादन ऐकत ही मुलगी वाढली. मुलीच्या जातीनें वाद्यास हात लावूं नये, असा घरचा दंडक होता. तिनें चोरून पाहून विद्या मिळविली. पुढें वडिलांच्या इच्छेनें झालेला विवाह मोडला, आणि पोटासाठीं त्या मद्यगृहांत व सभ्य गृहस्थ ज्यांचें नांवहि घेत नाहींत अशा ठिकाणीं वाजवूं लागल्या. अकरा मुलें झालीं. घरच्यांस पुष्कळ वर्षें त्यांचा ठावठिकाणा नव्हता. अक्षरओळख नव्हती, परंतु शिंगाच्या नखीनें त्या तारा छेडूं लागल्या म्हणजे कुरणांतील सारें जीवन बोलूं लागे. अखेर बहिणीनें शोधून काढलें. १९९३ सालीं अमेरिकेंतील 'गिटार प्लेअर' मासिकानें त्यांचा गौरव केला. दुसऱ्या वर्षीं पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. वय तेव्हां सत्तरीचें! २००५ सालीं त्यांनीं देह ठेविला.

हें ऐकून कोणी म्हणेल, असल्या चरित्राचा आपल्या घरांशीं काय संबंध? वाचकहो, आम्हांस तें म्हणण्याचा अधिकार राहिला नाहीं. आमची धाकटी भगिनी बालपणीं दिलरुबा फार गोड वाजवी. विवाहाची बोलणीं सुरू झालीं, तेव्हां वडील बंधु या नात्यानें तो आम्हींच माळ्यावर ठेवविला. तिनें एक शब्दहि काढला नाहीं. चाळीस वर्षें मुलांना विद्येचें महत्त्व सांगणारे आम्ही, घरांतली विद्या मात्र धुळींत टाकून बसलों होतों.

परत आल्यावर तो दिलरुबा खालीं काढविला. तारा गंजल्या होत्या. नव्या चढवून तिच्याकडे पाठविला आहे. तिचें पत्र अजून आलेलें नाहीं.