हात कुठे थांबवावा

पाठीत उसण भरली की एखादा पायाळू माणूस शोधायचा आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हा आमच्या लहानपणीचा उपचार. फारच झालं तर हाडवैद्य. त्यामुळे न्यू जर्सीतली भाची कायरोप्रॅक्टरकडे जाते हे कळल्यावर माझं कुतूहल चाळवलं, आणि मी थोडं वाचून काढलं.

या विद्येचा जनक डॅनियल डेव्हिड पामर. जन्म १८४५, कॅनडातला. अमेरिकेत येऊन त्याने शाळामास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, किराणा विकला आणि मग चुंबकीय उपचार करू लागला. (मास्तर होता म्हटल्यावर मला उगीचच आपलेपणा वाटला!) १८ सप्टेंबर १८९५ रोजी आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी त्याने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा सरकलेला मणका दाबून बसवला आणि सतरा वर्षांचं बहिरेपण गेलं, असं तो सांगे. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत मात्र वेगळीच. एका विनोदावर हसता हसता पामरने तिच्या वडिलांच्या पाठीत हातातलं पुस्तक हाणलं, आणि ऐकू येण्यात फरक पडला तो काही दिवसांनी! शिवाय कानाची नस मेंदूतून थेट कानाकडे जाते, पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. पण पामरचं मत ठाम, की बहुतेक रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यात आहे. १८९७ साली त्याने शाळा काढली, १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगातही गेला.

पामरचा तो दावा आज विज्ञान मानत नाही. विद्या मात्र टिकली. तिकडे आता कॉलेजातल्या काही वर्षांनंतर साधारण चार वर्षांचा, किमान ४,२०० तासांचा अभ्यासक्रम असतो. शरीररचना, रोगनिदान, एक्स-रे वाचणं, मग परीक्षा आणि राज्याचा परवाना. २०१७ साली अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या कॉलेजने नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी सुचवलेल्या उपायांत शेक आणि मसाजाबरोबर मणक्यांवरचे हे हातांचे उपचारही आहेत. पुरावा फार भक्कम नाही आणि असं दुखणं बहुधा आपोआपच बरं होतं, हेही त्यांनी तिथेच सांगितलंय.

आता माझा अनुभव. २०२३ च्या उन्हाळ्यात मी भाचीकडे होते. बॅग उचलताना पाठीत कळ आली ती जाईना. भाची म्हणाली, "मावशी, चल, दोन मिनिटांत मोकळी होशील." त्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पाऊण तास नुसते प्रश्न! पडलात का? रात्री दुखण्याने जाग येते का? ताप? वजन घटलंय का? लघवीवरचा ताबा? पायाला मुंग्या? स्टिरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्यात? मग पायावर हातोडी मारून पाहिली, मणक्यांवरून बोटं फिरवली. एका जागी मी कळवळले. बोटं थांबली.

"मी इथे दाब देणार नाही. आधी डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढा," त्या म्हणाल्या.

भाचीचं तोंड उतरलं. एवढ्या लांब आलो, पैसे भरले, आणि हात लावायलाच नकार! एक्स-रेत दिसलं, की हाडं ठिसूळ होऊन एक मणका चेपला गेला होता. त्या दिवशी त्यावर झटका बसला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

मला वाटतं, त्या ४,२०० तासांतलं खरं शिक्षण हेच. हात चालवायला लवकर येतं, तो आखडता घ्यायला वर्षं लागतात. आणि समोर पैसे देऊन बसलेल्या माणसाला "नाही" म्हणायला तर त्याहून जास्त.

तेव्हा तिकडे असणाऱ्या मुलांनो, जायचं तर जरूर जा. पण प्रश्न न विचारता कुणी मानेला हात घातला, किंवा मधुमेह नि बहिरेपण बरं करतो म्हणाला, तर सरळ उठून या. मानेच्या झटक्याने रक्तवाहिनीला इजा होणं क्वचितच घडतं, पण घडतं. जो आधी नीट ऐकून घेतो, त्याच्याच हाती पाठ द्यावी.